सहाव्या पाईपच्या आसपास कुठेतरी

बोअरमध्ये मोटर सोडणं हे काम बाहेरून बघणाऱ्याला निव्वळ अंगमेहनतीचं वाटतं. घोडी उभी करा, चेनपुली लावा, पाईप जोडा, खाली सोडा, परत पाईप जोडा, संध्याकाळी पाणी. मलाही असंच वाटायचं. मागची मोटर आम्ही अशीच सोडली, चौघांनी मिळून तीन तासांत, आणि वर आलो तेव्हा जग जिंकल्यासारखं वाटत होतं. चार महिने चालली. मग एक दिवस स्टार्टर ट्रिप, परत लावला की परत ट्रिप, म्हणून मी काय केलं तर ओव्हरलोड रिलेचा (करंट मर्यादेबाहेर गेला की मोटर बंद करणाऱ्या डबीचा) काटा जरा वर सरकवला (हो, केलाय तो गाढवपणा, लपवून काय करू) आणि मग मोटर दोन दिवस कण्हत कण्हत चालली आणि तिसऱ्या दिवशी कायमची बंद पडली.

वर काढली तर वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या आतलं तारांचं गुंडाळं, काळंठिक्कर. आणि केबलला वरून साधारण वीसेक मीटरवर नखाएवढी चीर. केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाईपच्या, काठाला घासून पडलेली. त्या चिरेतून पाणी आत गेलेलं, एका फेजचं तांबं हिरवं होऊन शेवटी तुटलेलं, म्हणजे मोटर दोनच फेजवर चालत होती, उरलेल्या दोन फेजवर दाबून करंट, रिले बिचारा आपलं काम करत होता आणि मी त्याचंच तोंड बंद केलं. चीर पडली मोटर सोडली त्या दिवशी, आम्हाला कळली चार महिन्यांनी. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते हेच.

म्हणून या वेळी ठरवलं की सोडताना प्रत्येक टप्प्यावर मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावायचा आणि आकडा वहीत लिहायचा. आमचे फिटर काका, ज्यांनी आयुष्यभर हेच काम केलंय, ते म्हणाले, "अरे मेगर तर मारतोच की आम्ही, मोटर काढली की पहिलं तेच करतो."

मी म्हटलं, "काढल्यावर नाही काका, सोडताना. दर पाईपला."

"दर पाईपला? चौदा पाईप आहेत. रात्र होईल."

"होऊ दे."

रात्र झाली. पण ते पुढे.

आधी एक गोष्ट, कारण मला खूप जण विचारतात की एवढी मोटर पाण्यात कशाला बुडवायची, वर ठेवून पाणी ओढता येत नाही का. नाही येत. पंप पाणी "ओढतो" हा आपला भ्रम आहे, खरं तर हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो आणि हवेच्या दाबाची ताकद समुद्रसपाटीला जेमतेम १०.३ मीटर पाणी पेलण्याइतकी, प्रत्यक्षात ७-८ मीटरलाच पंप धापा टाकायला लागतो. त्याहून खोल पाणी असेल तर खालून ढकलत आणण्याशिवाय इलाज नाही, म्हणून मोटरच खाली. ही कल्पना पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरली ती पाण्यासाठी नव्हे, तेलविहिरींसाठी. अर्मेस अरुतुनॉफ नावाच्या रशियन साम्राज्यात जन्मलेल्या आर्मेनियन इंजिनिअरने, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेत. त्याच्या कंपनीचं नाव रेडा, आणि ती चालायची ओक्लाहोमातल्या बार्टल्सविल गावातून. बोअरमध्ये मावेल इतकी बारीक आणि लांबच लांब मोटर, तिच्यावर एकावर एक रचलेले इंपेलर (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चकत्या), ही ठेवण अजून तशीच आहे. खाली मोटर, मध्ये पाणी आत घेणारी जाळी, वर पंप. पुष्कळांना उलटं वाटतं.

आता माझ्या बोअरचा हिशोब. खोली ११० मीटर, बंद असताना पाणी १८ मीटरवर, आणि पंप चालू असताना पातळी उतरत उतरत ५२ मीटरला येऊन थांबते. हा दुसरा आकडा महत्त्वाचा आणि तोच कुणी मोजत नाही. पंप निवडताना पाणी ५२ मीटरवरून उचलायचंय असं धरायचं, १८ वरून नाही. त्यात टाकीची उंची ८ मीटर, पाईपातल्या घर्षणाचे ३-४ मीटर, म्हणजे एकूण साधारण ६४ मीटर हेड (पंपाला पेलायची एकूण उंची) आणि मला मिनिटाला १०० लिटर पाहिजे होतं. त्या हिशोबाने ४ इंची, थ्री फेज, २.२ किलोवॉटची मोटर. जीआय पाईप ६ मीटरचे, १४ नग, म्हणजे पंप ८४ मीटरवर. तळापासून वर भरपूर जागा सोडली, कारण तळाशी गाळ असतो आणि गाळात मोटर रुतली की तिला पाण्याचा गारवा मिळत नाही. निदान ३ मीटर तरी सोडाच.

गारव्यावरून आठवलं. सबमर्सिबल मोटर पाण्यात आहे म्हणजे आपोआप थंड राहते असं नाही, पाणी तिच्या अंगावरून वाहत गेलं पाहिजे. ४ इंची मोटरला सेकंदाला निदान ८ सेंटिमीटर वेगाने, ६ आणि ८ इंचीला १६. माझा बोअर १५० मिलिमीटर, मोटर ९५ मिलिमीटर, मधल्या फटीतून मिनिटाला १०० लिटर गेलं तर वेग येतो साधारण १५-१६ सेंटिमीटर. चाललं. पण हीच मोटर मोठ्या विहिरीत नुसती लटकवली तर पाणी चारी बाजूंनी थेट जाळीत शिरतं आणि मोटर खाली स्थिर पाण्यात तापत बसते. तिथे मोटरवर बाहेरून एक पाईप चढवावा लागतो, वरून जाळीच्या वर बंद आणि खालून उघडा, म्हणजे पाण्याला मोटरच्या बुडापासून वर यावंच लागतं. बोअरमध्येही झरा जर पंपाच्या वर असेल तर हीच भानगड, पाणी वरून पडतं आणि मोटरला न शिवता जाळीत जातं. तिथेही तोच उपाय.

बरं, मोटर आली. आल्या आल्या सोडायची नाही. माझी मोटर पाण्याने भरायची आहे (तेल भरलेल्या आणि रेझिनमध्ये बंद केलेल्याही असतात, त्यांना हे लागू नाही), तर तिचा प्लग काढून स्वच्छ पाणी हळूहळू भरलं, मोटर उभी धरून, थोडी हलवत, बुडबुडे थांबेपर्यंत. आतली बेअरिंग त्या पाण्यावरच चालतात आणि वाइंडिंगची तार स्वतःच प्लास्टिकच्या आवरणात असते, म्हणून पाणी आत असूनही शॉर्ट होत नाही. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पटलंच नव्हतं. आणि म्हणूनच "जरा चालू करून बघू फिरते का" म्हणून पंप कोरडा फिरवायचा नाही, सेकंदभरसुद्धा नाही. बघायचंच असेल तर पिंपात बुडवून. नाहीतर शाफ्ट हाताने फिरवा, सारखा आणि न अडखळता फिरला म्हणजे झालं.

मग मेगर. मल्टीमीटरने इन्सुलेशन तपासता येत नाही, त्याची ९ व्होल्टची बॅटरी, तिला बारीक चीर दिसतच नाही. मेगर ५०० व्होल्ट डीसी सोडतो आणि वाइंडिंग आणि बॉडीच्या मध्ये किती मेगओहम आहे ते दाखवतो, १ मेगओहम म्हणजे १० लाख ओहम. एक टोक मोटरच्या केबलला, दुसरं मोटरच्या अंगाला, पूर्ण एक मिनिट दाबून ठेवायचं आणि आकडा स्थिर झाला की लिहायचा. नवी मोटर, लांब केबल न जोडता, २०० किंवा जास्त दाखवायला हवी. वापरलेली पण परत सोडण्याजोगी असेल तर निदान १०. माझी ३५० वर. झाल्यावर टोकं एकमेकांना टेकवून उतरवा, नाहीतर हाताला चांगला झटका बसतो, काकांना विचारा.

वाइंडिंगचा रेझिस्टन्स मात्र मल्टीमीटरनेच. थ्री फेजला तीन जोड्या मोजायच्या आणि तिन्ही जवळपास सारख्या आल्या पाहिजेत. मल्टीमीटरच्या वायरींचा स्वतःचा ०.२ ओहम असतो तो आधी टोकं टेकवून बघून वजा करायचा, इतक्या छोट्या आकड्यात तो फरक पडतो. मला आले ५.३, ५.३, ५.३. एखादी जोडी अनंत दाखवली तर वाइंडिंग तुटलंय, एखादी फार कमी तर आत शॉर्ट. सिंगल फेजवाल्यांना इथे एक सोपी युक्ती आहे: तीन तारांतल्या तीन जोड्या मोजा, सगळ्यात मोठा आकडा बाकी दोघांची बेरीज असला पाहिजे. ज्या जोडीला मोठा आकडा आला ती स्टार्ट आणि रन, उरलेली तार कॉमन. कॉमनपासून मोजलं तर स्टार्टचा आकडा रनपेक्षा जास्त येतो. केबलचे रंग पुसले गेले असतील तेव्हा हे कामाला येतं.

केबल. इथे बहुतेक जण हात आखडतात. मला पॅनलपर्यंत धरून १०० मीटर लागणार होती. २.५ स्क्वेअर मिलिमीटरची मऊ तांब्याची केबल १०० मीटरला साधारण ०.८ ओहम, ४ ची ०.५. मोटर ६ अँपिअर घेते, तेवढ्यावर व्होल्टेज ड्रॉप २.५ ला ८ व्होल्ट आणि ४ ला ५ व्होल्ट, ४०० व्होल्टमध्ये दोन्ही किरकोळच. मग ४ ची कशाला? कारण डायरेक्ट स्टार्टरवर मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट घेते, तेव्हा ८ चे ढोबळमानाने ४५ होतात, आणि आधीच व्होल्टेज पडलेलं असेल तर मोटर उठताना घुटमळते. म्हणून ४ घेतली.

मोटरच्या तारा आणि केबल यांचा जॉईंट काकांनी केला आणि त्यात मी ढवळाढवळ केली नाही, कारण त्यांचा हात बघत राहावा असा आहे. तिन्ही तारा वेगवेगळ्या लांबीवर कापल्या, एक आखूड, एक मध्यम, एक लांब, म्हणजे तीन जॉईंट एकाच जागी येत नाहीत आणि गाठ जाड होत नाही, आणि समजा एखादं आवरण गेलं तरी शेजारी दुसरं तांबं नसतं. तांब्याची स्लीव्ह घालून क्रिंप, ओढून बघितलं, मग आतून गोंद असलेली हीट श्रिंक, फुंकर घालावी तशी ज्योत फिरवत, दोन्ही टोकांतून गोंदाचा थेंब बाहेर येईपर्यंत. "हा थेंब दिसला ना," काका म्हणाले, "की पाणी आत जात नाही. थेंब नाही तर जॉईंट नाही." मग तिन्हीवर मिळून रबराची टेप ताणून, आणि वर साधी टेप. हा जॉईंट बादलीत बुडवून रात्रभर ठेवला आणि सकाळी मेगर मारला तर आकडा १ मेगओहम! पोटात गोळाच आला. मग काकांनी केबलच्या वरच्या टोकाकडे बघितलं, जे अंगणात पडून होतं आणि दवाने ओलं झालं होतं. पुसलं, टोकं अर्धा इंच नव्याने सोलली, परत मारला, ३०० च्या वर. मीटर खोटं बोलत नाही पण तुम्ही त्याला काय विचारताय ते तरी कोरडं पाहिजे.

केबलसकट वाइंडिंग परत मोजलं, ६.३ आलं. ५.३ मोटरचे आणि १ केबलचा (जाऊन-येऊन दोन तारा, म्हणजे अर्ध्याचा दुप्पट). हिशोब जुळला म्हणजे जॉईंटही चांगला बसलाय. जॉईंट ढिला असता तर इथेच एखादी जोडी ६.८ दाखवून गेली असती.

आता सोडणं. पंपाच्या डोक्यावर एनआरव्ही (पाणी परत खाली येऊ न देणारा वाल्व), मग पहिला पाईप, वर क्लॅम्प (पाईप बोअरच्या तोंडावर धरून ठेवणारा), आणि वेगळा सेफ्टी दोर पंपाला. केबलने मोटर कधीही उचलायची नाही, अगदी दोन फूटसुद्धा नाही. केबल पाईपला दर ३ मीटरवर बांधायची, आणि सॉकेटच्या (दोन पाईपांच्या जोडाच्या) खाली-वर बांधायची, सॉकेटवर नाही, कारण घासते ती तिथेच. प्लास्टिकचे लांब पाईप असतील तर अजून एक काळजी, पाणी भरलं की ते ताणून लांब होतात आणि केबल घट्ट बांधली असेल तर सगळा ताण केबलवर, म्हणून तिथे थोडी ढील ठेवून बांधतात. माझे जीआय, ती भानगड नव्हती. केसिंगच्या काठावर मी जुन्या ट्यूबचा रबर बांधला. मागच्या वेळची अक्कल.

मेगरचं एक टोक केबलला, दुसरं पाईपला. पहिला पाईप ३००. दुसरा ३००. तिसऱ्या पाईपला मोटर पाण्यात गेली, २१०. मी जरा घाबरलो, काका म्हणाले ओली झाली की उतरणारच. चौथा १९०, पाचवा १८०, सहावा १७०, सातवा १६५, आठवा १६०. केबल जेवढी जास्त पाण्यात तेवढा आकडा खाली, पण हळूहळू, जिना उतरावा तसा. काकांना आता कंटाळा आला होता, ते म्हणाले सगळं नीट चाललंय, आता डायरेक्ट बाराव्याला मार.

नववा पाईप: ०.०८.

परत मारला. ०.०८. टोक पुसलं, सोललं, परत मारला. ०.०८.

कुणी काही बोलेना. पोरांनी चेन सोडून हात झटकले. काकांनी पहिल्यांदा मोटरलाच शिव्या घातल्या, मग जॉईंटकडे बोट दाखवायची माझी हिंमत होत नव्हती म्हणून मी वहीच बघत बसलो, आणि मग ते डोक्यात आलं. मोटर आणि जॉईंट तर सहा पाईपांपासून पाण्यात आहेत. तेव्हापासून आकडा चांगला होता. म्हणजे बिघाड तिथे नाहीच. आठव्या आणि नवव्याच्या मध्ये नवीन असं काय झालं? फक्त एवढंच की केबलचा अजून ६ मीटरचा तुकडा पाण्याखाली गेला. पाणी १८ मीटरवर, १८ मीटर म्हणजे तीन पाईप. नववा, आठवा, सातवा पाण्याच्या वर लटकतायत, आणि नुकताच पाण्यात बुडला तो सहावा. चीर सहाव्या पाईपच्या लांबीत आहे. ती पडली सहावा पाईप सोडताना, म्हणजे तासाभरापूर्वी, पण कोरडी असताना मेगरला दिसली नाही, पाणी लागल्याबरोबर दिसली.

"काका, सहावा पाईप वर घ्या."

तिन्ही पाईप परत खोलले. सहाव्याच्या सॉकेटच्या जरा खाली, पट्टीच्या शेजारी, केबलच्या आवरणावर अर्धचंद्रासारखा ठसा. क्लॅम्प लावताना केबल क्लॅम्पच्या जबड्यात सापडली होती. केसिंगच्या काठाला मी डोळ्यात तेल घालून जपत होतो आणि ती चिरडली क्लॅम्पने. आणि खरं सांगायचं तर तो क्लॅम्प मीच आवळला होता.

काका म्हणाले टेप मारू, तेवढ्याशा ठशाला काय. मी म्हटलं कापूया. थोडी हुज्जत झाली, पण शेवटी कापून नवा जॉईंट केला, तीन पायऱ्यांचा, थेंबासकट. आणि पाईप क्लॅम्पवर लटकत असतानाच केबलचा तो वेढा बादलीत बुडवून तासभर थांबलो. १६५. एक बारीक गोष्ट इथे लक्षात आली ती सांगतो: खाली मोटर जोडलेली असताना मेगर कुठल्याही तारेला लावला तरी तोच आकडा येतो, कारण तिन्ही तारा खाली वाइंडिंगमधून एकमेकींना मिळालेल्या असतात. म्हणजे बिघाड नक्की कुठल्या तारेत हे वरून कळत नाही, कापल्यावरच कळतं. आमची मधली होती.

चौदाव्या पाईपला १२०. अंधार पडला होता, टॉर्च लावून लिहिलं.

बोअरमध्ये सोडलेल्या नव्या मोटरला केबलसकट २ मेगओहमच्या वर असलं तरी पास धरतात, अर्धा ते २ म्हणजे चालू शकते, अर्ध्याच्या खाली गेलं की केबल दुखावली असण्याची शंका घ्यायची, आणि ०.०१ च्या खाली म्हणजे संपलं. हे आकडे बघितले की आमचं ०.०८ किती फसवं होतं ते समजतं. त्याच्यावर मोटर सुरू झाली असती. पाणीही आलं असतं. चार महिने.

चालू करण्याचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी. पॅनलचे फ्यूज आदल्या दिवशीपासून माझ्या खिशात होते, कारण बोअरजवळ हात घातलेला असताना दुसऱ्या कुणी सहज म्हणून बटण दाबलं तर काय होईल याची कल्पना करवत नाही. आधी व्होल्टेज: ४०४, ३९८, ४०१. सरासरी ४०१, जास्तीत जास्त फरक ३, म्हणजे पाऊण टक्का. हे पाऊण टक्का दिसायला क्षुल्लक पण व्होल्टेजमधला १ टक्का असमतोल करंटमध्ये ६ ते १० टक्के होऊन बाहेर पडतो, म्हणून लिहून ठेवायचं.

वाल्व पाव उघडा ठेवून बटण दाबलं. पूर्ण उघडा ठेवायचा नाही, रिकाम्या पाईपात वर दाबच नसतो, पंप मोकाट फिरतो आणि इंपेलर वरच्या दिशेला ढकलले जातात. पाणी आलं, गढूळ, पण आलं, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी म्हटलं थांबा. २०० लिटरचं पिंप लावलं, वाल्व जरा जरा उघडत नेला, पाणी स्वच्छ झाल्यावर घड्याळ लावलं: ५ मिनिटं. म्हणजे मिनिटाला ४० लिटर. मागितले होते १००.

उलटी फिरत होती. ही फार फसवी गोष्ट आहे, सबमर्सिबल पंप उलटा फिरला तरी पाणी देतो, फक्त कमी देतो, आणि वर्षानुवर्षं उलट्या फिरणाऱ्या मोटरी मी बघितल्यात, मालक म्हणतो बोअरला पाणी कमी झालं. फ्यूज काढले, कुठल्याही दोन फेज अदलाबदल केल्या, परत लावली. पिंप २ मिनिटांत भरलं.

मग क्लॅम्प मीटर, तारेभोवती धरून करंट मोजणारा. तीन फेजवर आर ६.४, वाय ६.०, बी ५.६. सरासरी ६, जास्तीत जास्त फरक ०.४, म्हणजे असमतोल साडेसहा टक्क्यांच्या वर. ५ च्या आत असावा. आता दोष मोटरचा की लाईनचा? इथे एक जुनी युक्ती आहे, मोटरच्या तिन्ही तारा एकेक घर पुढे सरकवायच्या, पहिली दुसऱ्याच्या जागी, दुसरी तिसऱ्याच्या, तिसरी पहिल्याच्या. तिन्ही एकदम सरकल्यामुळे फिरण्याची दिशा बदलत नाही. असं तीनदा करून तिन्ही वेळा करंट लिहायचा. जास्तीचा करंट जर मोटरच्या तारेबरोबर सरकत गेला तर दोष खाली, मोटरमध्ये किंवा केबलमध्ये. तो जर लाईनच्या त्याच फेजवर चिकटून राहिला तर दोष वरचा. मला दुसऱ्या खेपेला आलं ६.३, ५.९, ५.८, तिसऱ्या खेपेला ६.२, ६.०, ५.८. तिन्ही वेळा आर जास्त. म्हणजे दोष लाईनचा, मोटर निर्दोष. आणि तिसऱ्या जोडणीत असमतोल साडेतीनच्या आत आला म्हणून तीच कायम ठेवली. काकांनी हे आधी कधी केलं नव्हतं, ते कागद घेऊन स्वतः गुणाकार करत बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे मी किती मोटरी उगाच वर काढल्या असतील रे."

ओव्हरलोड रिले ६.३ वर लावला. नेमप्लेटचा आकडा तोच आहे आणि त्याच्या वर एक रेघही जायचं नाही (मागच्या मोटरच्या स्मृतीस). साध्या मोटरचा रिले इथे उपयोगाचा नाही, सबमर्सिबल मोटर बारीक असते, अडकली तर काही सेकंदांत तापते, म्हणून पाचपट करंटला १० सेकंदांच्या आत तोडणारा रिले लागतो. त्याच्या जोडीला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की मोटर तोडणारा), आणि ड्राय रनसाठी, म्हणजे पंप पाण्याविना चालू नये म्हणून, कमी करंटला तोडणारा. पाणी तुटलं की करंट वाढत नाही, घसरतो, कारण उचलायला काही उरतच नाही, आणि ओव्हरलोड रिलेला तर ते कळणारच नाही. हे सगळं जोडल्यावर मेगर मारायचा असेल तर आधी मोटरच्या तारा पॅनलमधून सोडवा, ५०० व्होल्ट त्या इलेक्ट्रॉनिक डबीत गेले तर ती डबी गेली.

अर्थिंगचं मी थोडक्यात सांगतो कारण त्यात थोडक्यात सांगण्यासारखंच आहे: पॅनल, मोटरचं अंग, लोखंडी केसिंग, तिन्ही एकत्र बांधून अर्थ करा.

सगळे आकडे पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलेत. तारीख, १२० मेगओहम, ६.३ ओहम, ६.२-६.०-५.८, २ मिनिटं. वर्षाने परत मेगर मारला तेव्हा ९० आला, त्या दिवशी पाणी जरा गरमही होतं आणि गरम झाल्यावर इन्सुलेशनचा आकडा असाही पडतो, दर १० अंशाला साधारण निम्मा, तेव्हा ९० चं मला काही वाटलं नाही. मागच्या आठवड्यात मात्र ड्राय रनवाल्याने दोनदा मोटर तोडली. दार उघडलं, मोजलं: ओहम तेच, मेगर तोच, सुरू केल्यावर करंट ५.५ आणि दहा मिनिटांनी ४ च्या खाली. पिंपाला २ मिनिटं ४० सेकंद. म्हणजे मोटर आणि केबल ठीक आहेत, बोअरचं पाणी उतरलंय, पंप हवा पकडतोय. वाल्व दीड वळसा बंद केला, पाणी मिनिटाला ६० लिटरवर आणलं, तेव्हापासून तोडलेली नाही. काकांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "वर काढायची नाही ना?" नाही म्हटलं.